बेंगॉल की अ‍ॅबिसिनियन? बडोद्याच्या घरासाठी चपळ मांजर निवडताना

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी गुळी आहे, साडेपाच वर्षांची अ‍ॅबिसिनियन. भाच्याकडे, वासणा-भायली रस्त्यावर नवव्या मजल्यावर, शेरू आहे, बेंगॉल बोका. दोन्ही जाती कानात वारं शिरलेल्या वासरासारख्या. ओळखीत कुणाला पर्शियनचे केस विंचरायचा कंटाळा आला आणि 'आता खेळणारं मांजर हवं' असं डोक्यात शिरलं की फोन माझ्याकडे येतो. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

बहुतेकजण पिल्लांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, यातलं कुठलं? मी उलट विचारते, संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या घरात काय चालू असतं? समोरचा गडबडतो. पण मांजर हे तिन्हीसांजेचं आणि पहाटेचं जनावर. दिवसभर लोळतं आणि नेमकं त्या वेळी पेटतं. त्या दोन तासांत तुम्ही कुठे असता, दमलेले असता की मोकळे, घरात किती माणसं असतात, यावर निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा घराच्या दारं-खिडक्यांवर. अंगावरच्या ठिपक्यांवर काहीच नाही.

पायरी १: दोघांची जात ओळखून घ्या

बेंगॉलचा बंगालशी संबंध नावापुरता. आशियातल्या जंगलात लेपर्ड कॅट नावाची छोटी रानमांजर असते. तिच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' आहे, तिथून हे नाव आलं. अमेरिकेत जीन मिल या बाईंनी ही रानमांजर आणि घरातलं मांजर यांचा संकर १९६३ मध्ये पहिल्यांदा केला आणि पुढे १९८० च्या दशकात नेटाने जात उभी केली. यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात एक ठिपक्यांचा भटका बोका राहत होता. जीन मिलनी तो अमेरिकेला नेला. बेंगॉलच्या केसांवर उन्हात जी सोनेरी चमक दिसते, ती या दिल्लीकराच्या वंशातून आली असं सांगतात. म्हणजे लोक हजारो रुपये मोजतात त्यातला एक वाटा आपल्याकडच्या गल्लीतल्या बोक्याचा आहे!

अ‍ॅबिसिनियनचं नावही तसंच फसवं. अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. तिथून एक मांजर इंग्लंडला गेली, अशी कथा आहे, आणि १८७१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात ही जात दिसली. पण नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात अशाच मांजराचा पेंढा भरलेला एक जुना नमुना आहे, १८३० च्या दशकातला, आणि त्याच्या चिठ्ठीवर देश म्हणून भारताचं नाव आहे. तिच्या अंगावर ठिपके नसतात, पट्टे नसतात. प्रत्येक केसावर गडद-फिका, गडद-फिका असे पट्टे असतात, त्यामुळे लांबून ती चिक्कीच्या गुळासारखी एकरंगी वाटते आणि जवळ घेतली की रंग हलतो. आमच्या गुळीचं नाव तिथूनच आलं.

आकारात बेंगॉल दांडगा. बोका पाच ते सात किलोपर्यंत सहज जातो. अ‍ॅबिसिनियन तीन ते पाच किलोची, सडपातळ, मोठ्या कानांची. पण वजनावर जाऊ नका, दारावर चढायला गुळीला शेरूपेक्षा कमी वेळ लागतो.

स्वभावातला फरक मी दोन दृश्यांत सांगते.

शेरूला माठाचं वेड आहे. आधी तो झाकणावर पंजा ठेवून बसतो. मग झाकण एक बोटभर सरकवतो, थांबतो, आमच्याकडे बघतो. पुन्हा एक बोटभर. फट झाली की कोपरापर्यंत हात आत घालून पाणी ढवळतो आणि बाहेर काढलेला ओला पंजा फरशीवर झटकतो. पुन्हा आत. हे चालू असताना घरात कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ता नसतो. भाचेसुनेने माठावर पाटा ठेवला, तर त्याने चार दिवसांत नळाची दांडी उघडायला शिकून घेतलं.

गुळीला पाण्याचं काही नाही. मी पोळ्या लाटायला घेतल्या की ती फ्रिजवर चढते. तिथून पोळपाटावर नजर. माझ्याकडे संध्याकाळी गणिताच्या शिकवणीला मुलं येतात, तेव्हा ती एकेकाच्या वहीवर जाऊन बसते, आणि ज्याला गणित येत नाही त्याच्याकडे जरा जास्त वेळ. मांडीवर मात्र ती बसत नाही. मांडीला टेकून बसते. मी मोरीत गेले तर मोरीच्या दाराशी, अगाशीत गेले तर जिन्यात.

थोडक्यात, शेरूला उद्योग लागतो आणि गुळीला माणूस. बेंगॉल एकटा असताना घर उघडून बघतो. अ‍ॅबिसिनियन एकटी पडली की हिरमुसते, खाणं कमी करते, स्वतःचेच केस चाटून चाटून पातळ करते. आवाजाचंही असंच. अ‍ॅबिसिनियन बहुधा हळू, चिवचिवल्यासारखं बोलते. बेंगॉलला घसा आहे आणि तो पहाटे साडेचारला वापरायला त्याला संकोच वाटत नाही. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये शेजारी कसे आहेत, हाही मुद्दा धरा.

पायरी २: घर बंद होतं का, ते बघा

इथे घाई करू नका. मांजर आणायच्या किमान पंधरा दिवस आधी हे काम उरकलेलं हवं.

जुन्या बडोद्यातली घरं, म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ, मांडवीच्या आतली, भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एका अगाशीतून दुसऱ्या अगाशीत जायला मांजराला उडीसुद्धा मारावी लागत नाही. पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, भटक्या बोक्यांशी भांडणं, त्यांच्याकडून येणारे आजार आणि 'जातीचं दिसतंय' म्हणून उचलून नेणारे, हे सगळं त्या अगाशीत आहे. जिन्याच्या वरच्या तोंडाला जाळीचा दरवाजा आणि त्याला आपोआप मिटणारी स्प्रिंग, हा आमच्या घरातला सगळ्यात उपयोगी खर्च. आधी नुसता दरवाजा होता, स्प्रिंग नव्हती. त्याची किंमत गुळीने दिली.

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीनंतरचा दिवस, १५ जानेवारी. वर भाचरं पतंग उडवत होती, मी उंधियूचं पातेलं घेऊन वर गेले आणि मागे दार लावायचं राहिलं. दहा मिनिटांनी गुळी जिन्यावरून खाली आली ती तीन पायांवर. मागच्या उजव्या पायाला मांजा गुंडाळला गेला होता आणि ती जितकी झटकत होती तितका तो रुतत होता. मी सरळ ओढायला गेले असते तर आणखी कापलं असतं. तिला टॉवेलात गुंडाळून सासूबाईंनी धरलं, मी नखं कापायच्या छोट्या कात्रीने दोरा केसांच्या बाजूने तुकड्या-तुकड्याने कापला. दोन टाके पडले. काचेची पूड लावलेला साधा मांजा होता. नायलॉनचा, ज्याला सगळे 'चायनीज' म्हणतात आणि ज्याच्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तो असता तर पाय हाती लागला नसता. तेव्हापासून १३ ते १६ जानेवारी गुळी मागच्या खोलीत. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आणि नवरात्रात जवळ गरब्याचे स्पीकर लागले की तीच खोली.

फ्लॅटमध्ये धोका उलटा. तिथे खाली जमीन लांब आहे. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं, हे खरं, पण पायांवर पडूनही जबडा, छाती आणि पाय मोडतात. पाल किंवा कबुतर दिसलं की बेंगॉल कठडा बघत नाही. पारव्यांसाठी लावतात ती नायलॉनची पातळ जाळी दात आणि नखांपुढे फार टिकत नाही. भाच्याने बाल्कनीला स्टीलच्या बारीक तारेची जाळी चौकटीत बसवून घेतली आणि खिडक्यांच्या सरकत्या मच्छरजाळ्यांना कड्या लावल्या. सरकती जाळी शेरू नखाने सरकवतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

घराची ही बाजू जमत नसेल, भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर दोन्हीपैकी एकही जात आणू नका. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण 'आम्ही लक्ष ठेवू' हे उत्तर मी मानत नाही. मीही लक्ष ठेवूनच होते.

जाळीसोबत जागेचा उभा विचार करा. या मांजरांना चौरस फूट कमी पडत नाहीत, उंची कमी पडते. भिंतीवर पायऱ्यांसारख्या तीन-चार फळ्या, एक छताजवळची बैठक आणि नखं घासायला किमान तीन फूट उंच, न हलणारा खांब. काथ्याची दोरी लाकडी खांबाला घट्ट गुंडाळली की काम झालं. सुताराकडून करून घेतलेलं दुकानातल्यापेक्षा जास्त टिकतं.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. दोघांचेही केस आखूड, त्यामुळे पर्शियनइतके हाल होत नाहीत. तरी पत्र्याखालच्या खोलीत कोंडू नका, पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

आणि एक कॅरिअर, म्हणजे बंद होणारी टोपली, प्रत्येक मांजराची वेगळी, कायम घरात उघडी पडलेली हवी, म्हणजे त्यात जायची सवय राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, सोसायट्यांमध्ये मगरी आल्या. अशा वेळी घाबरलेलं मांजर कपाटामागून काढून पिशवीत कोंबणं शक्य नसतं.

पायरी ३: घड्याळ मांडा

कागदावर आठवड्याचे दिवस लिहा आणि घर किती तास रिकामं असतं ते प्रत्येक दिवसापुढे टाका.

घरात आजी-आजोबा, शिकवण्या, शिवणकाम, घरून नोकरी, असं कुणी ना कुणी असेल तर अ‍ॅबिसिनियन सुखात राहते. दोघं सकाळी साडेआठला बाहेर आणि सातला परत, असं असेल तर एकटी अ‍ॅबिसिनियन आणू नका. मग बेंगॉल चालेल का? भाच्याला मी हेच सांगितलं होतं की 'चालेल, पण', आणि त्याने 'चालेल' तेवढंच ऐकलं. पहिले सहा महिने रोज संध्याकाळी दमून आल्यावर घरात फुटलेली कुंडी, उघडी खणं आणि पडद्याला लोंबकळणारा बोका. शेवटी तोडगा निघाला तो वेळापत्रकाचा. सकाळी ऑफिसआधी पंधरा मिनिटं आणि रात्री जेवणाआधी वीस मिनिटं, काठीला पिसं बांधून दमेपर्यंत पळवायचं. खेळाच्या शेवटी पिसं खरोखर पकडू द्यायची आणि लगेच जेवण द्यायचं. शिकार, खाणं, मग झोप, हा त्याचा क्रम आहे. लेझरचा लाल ठिपका नको, त्यात हाती काहीच लागत नाही आणि मांजर चिडचिडं होतं. दिवसासाठी खाण्याचे दाणे रिकाम्या अंड्यांच्या ट्रेमध्ये, कागदाच्या बोळ्यांखाली लपवून ठेवतात. पहाटेची आरोळी यानंतर निम्मी झाली. पूर्ण थांबली नाही.

कुठलीही जात घ्या, घर दिवसा रिकामं असेल तर दोन मांजरं एकापेक्षा सोपी. हे पटायला वेळ लागतो.

लहान मुलं असतील तर दोन्ही चालतात. चार वर्षांखालचं मूल आणि बेंगॉल, ही जोडी मात्र मी टाळीन. तो खेळात जोर आवरत नाही.

पायरी ४: स्वयंपाकघरात काय चालतं?

आपल्या बऱ्याच घरांत मांसमच्छी येत नाही आणि मांजराला तर ती हवीच. यात वाद नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच येतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूधभातावर वाढलेलं मांजर तुम्ही बघितलं असेल. ते बाहेर उंदीर खात होतं. बंद घरात उंदीरही नाहीत.

आमच्याकडे सासूबाईंनी तह केला. पाकिटातलं तयार खाणं, कोरडं आणि ओलं, मोरीच्या फळीवर राहील, त्याचा चमचा-ताटली वेगळी, ओट्यावर काही येणार नाही. पाच वर्षं तह टिकला आहे. तुमच्या घरी एवढंही चालणार नसेल तर ते आधी कळलेलं बरं, पिल्लू आणल्यावर नको.

म्हणीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं, खऱ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना त्याने जुलाब होतात. कांदा-लसूण कुठल्याही रूपात नको. पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. लिलीची फुलं घरात आणू नका. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन असलेलं औषधही मांजराच्या मानेवर टाकू नका.

पायरी ५: पिल्लू कुणाकडून?

भाचा शेरूच्या आधी एकदा फसला. फोनवर व्हिडिओ, 'शुद्ध बेंगॉल' म्हणून आगाऊ रक्कम, आणि हातात आलं ते पाच आठवड्यांचं पट्टेरी पिल्लू, डोळ्यांत चिपडं. ते बेंगॉल नव्हतं. आता ते आमच्या चुलत सासऱ्यांकडे आहे आणि अंगाने मस्त भरलंय, पण विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच.

तेव्हा हे बघा. बेंगॉलच्या अंगावर ठिपके, दोन रंगांची फुलासारखी वर्तुळं किंवा संगमरवरासारखी वळणदार नक्षी असते, पोटावरही नक्षी असते. साध्या पट्ट्यांना कुणी बेंगॉल म्हटलं तर उठून या. पिल्लाची आई दाखवायला सांगा, आणि ती जिथे राहते ती जागाही. वंशावळीचा कागद टिका (TICA), सीएफए किंवा डब्ल्यूसीएफ यांपैकी मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या एखाद्या संस्थेचा असतो, त्याचा नंबर मागा. कुणी डोळे मिचकावून 'पहिल्या पिढीचं आहे, अर्धं जंगली' म्हणालं तर तिथून निघाच. लेपर्ड कॅट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि घरात ठेवायचं बेंगॉल चौथ्या पिढीपासून पुढचंच असतं.

२०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. माझं म्हणणं, बारा आठवडे आईजवळ राहू द्या. तेवढ्या काळात चावण्याचा जोर किती ठेवायचा हे भावंडं एकमेकांना शिकवतात, नाहीतर ते तुमच्या हातावर शिकावं लागतं.

तब्येतीचं असं. पीके डेफिशियन्सी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर तुटणं, आणि पीआरए, म्हणजे हळूहळू नजर जाणं, हे दोन्ही जातींत आनुवंशिक आहे. आई-बापाची डीएनए चाचणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. बेंगॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार दिसतो, तो सोनोग्राफीतच कळतो. अ‍ॅबिसिनियनमध्ये मूत्रपिंडाचा अमायलॉइडोसिस, म्हणजे त्यात नको ते प्रथिन साचणं, आणि हिरड्यांची दुखणी. गुळीचे दात मी एक दिवसाआड घासते. मांजरांच्या टूथपेस्टने, आपल्या नव्हे.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस

खर्चाचं एका वाक्यात: पिल्लाच्या किमतीवर अडू नका, गुळीवर माझे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास जातात, खाणं आणि लिटर, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधली वाळू, मिळून, आणि हे पंधरा वर्षं चालायचं आहे.

आल्या दिवशी पिल्लाला अख्खं घर देऊ नका. एक खोली, तिच्या एका कोपऱ्यात लिटरचा ट्रे आणि समोरच्या कोपऱ्यात पाणी-खाणं. मांजर जेवतं तिथे घाण करत नाही, म्हणून दोन्ही शेजारी नकोत. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. आल्या आल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरना दाखवा. आठ, बारा आणि सोळा आठवड्यांना ट्रायकॅट, म्हणजे तीन आजारांवरची एकत्र लस, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, असा सर्वसाधारण क्रम असतो. पाच-सहा महिन्यांनी नसबंदी. बेंगॉल बोक्याची लांबवलीत तर तो पडद्यांवर शू उडवतो आणि तो वास धुऊनही जात नाही.

पाहुण्यांना पहिले आठ दिवस बोलावू नका. आपल्याकडे नवीन काही आलं की अख्खी पोळ बघायला येते, आणि शेव-उसळीच्या ताटल्या हातात घेऊन सगळे पिल्लाभोवती कोंडाळं करतात. सांगून टाका, पुढच्या रविवारी या.

पहिल्या रात्री ते पलंगाखाली जाऊन बसेल, कदाचित रडेल. हात घालून ओढू नका. दिवा मालवा, जमिनीवर चटई टाकून आडवं व्हा आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहा. मी सतराचा पाढा म्हणत होते. गुळी रात्री दोन वाजता बाहेर आली, माझ्या कोपराला नाक लावलं आणि पुन्हा पलंगाखाली गेली. सकाळी उठले तेव्हा चटईवर, माझ्या पायांशी, पोट वर करून झोपलेली होती.